शेवटचा रकाना

नर्सिंगच्या विद्यार्थिनींची जर्नल तपासणाऱ्या कुठल्याही ट्यूटरला विचारा, केअर प्लॅनच्या पानावरचा सगळ्यात कंटाळवाणा रकाना कोणता? उत्तर ठरलेलं आहे: शेवटचा. पहिल्या रकान्यात पेशंटची तपासणी असते, दुसऱ्यात त्याची अडचण नर्सिंगच्या परिभाषेत, तिसऱ्यात उद्दिष्ट आणि चौथ्यात काय काय केलं त्याची यादी. इथवरचा मजकूर निरनिराळा असतो, कारण पेशंट निरनिराळे असतात. शेवटच्या रकान्यात मात्र सगळ्या जर्नलांत एकच वाक्य: ‘पेशंटचा त्रास काही प्रमाणात कमी झाला.’ जर्नल जमा करायच्या आदल्या रात्री, होस्टेलवर, एकीचं बघून दुसरीने उतरवलेलं. ज्याच्याविषयी ते लिहिलंय, तो पेशंट केव्हाच डिस्चार्ज घेऊन तासगावला आपल्या घरी पोचलेला असतो.

पाठ्यपुस्तकात या रकान्याला मूल्यमापन म्हणतात. पेशंटचं पुढे काय झालं, हे सांगणारी केअर प्लॅनमधली ही एकच जागा आहे. आधीच्या रकान्यांत सिस्टरला काय दिसलं, तिने काय ठरवलं, काय केलं हे येतं. कूस बदलली, इंजेक्शन वेळेवर दिलं, सलाईन बदललं, नातेवाइकांना समजावलं. सगळं केलं, पण झालं काय? केलेल्या कामाची यादी कितीही लांबली तरी त्यातून हे कळत नाही. आणि आपल्या वॉर्डांत, सिव्हिल असो की खाजगी, सिस्टरचा लिहिण्याचा बहुतेक वेळ ती यादी भरण्यातच जातो.

सांगली-सातारा पट्ट्यात हा विषय बोलावा याला कारण आहे. मिरजेत विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं. त्याच्या आवारात नर्सेस शिकू लागल्या, तेव्हा घरंदाज मुलीने परक्या माणसाची शुश्रूषा करणं ही कल्पनाही आपल्याकडे कुणाला सोसत नव्हती. पुढे १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, सांगलीचं सिव्हिल वाढलं, १९८० च्या दशकात कराडला कृष्णा रुग्णालय आणि त्याचं मेडिकल कॉलेज उभं राहिलं. आज जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी तालुक्यांतल्या कितीतरी घरांत बारावीनंतर मुलीने जीएनएम किंवा एएनएम करायचं हे जवळपास ठरलेलं असतं. शिकून बाहेर पडणाऱ्या मुली पुण्या-मुंबईला जातात, आखातात जातात. त्या तिथे पोचल्यावर त्यांना पहिल्या दिवसापासून विचारलं जातं ते याच रकान्याबद्दल.

मोजून बघण्याची सवय या भागाला नवीन नाही. मिरज आणि सांगलीच्या मधे वानलेस यांच्या मिशनने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. साताऱ्याच्या बाजूला पाचगणीच्या हवेत डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी सॅनटोरियम सुरू केलं, तेच पुढे बेल-एअर रुग्णालय. क्षयावर औषध नसण्याचा तो काळ होता. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. तोवर उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, चांगलं खाणं आणि शुश्रूषा. त्यामुळे पेशंट सुधारतोय की खंगतोय हे ठरवायला सिस्टरच्या नोंदींवाचून फारसं साधन नव्हतं. संध्याकाळचा ताप किती चढला, आठवड्याचं वजन किती भरलं, थुंकी किती पडली, रात्री अंथरूण घामाने भिजलं का. सकाळी ताप नाही म्हणून कुणी खुश होत नसे, कारण क्षयाचा बारीक ताप दुपार कलल्यावर येतो हे ठाऊक होतं. ताप कधी बघायचा, यालाही तितकंच महत्त्व होतं.

आजच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या नोंदींत याच विचाराची एक देखणी खूण आहे. उपचाराच्या शेवटी पेशंटच्या नावापुढे निकाल लिहायचा असतो. त्यात ‘उपचार पूर्ण’ आणि ‘बरा झाला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सुरुवातीला थुंकीत जंतू सापडलेल्या पेशंटने सगळे महिने गोळ्या घेतल्या, तब्येत सुधारली, पण शेवटी थुंकी तपासली नाही, तर तो ‘उपचार पूर्ण’मध्ये जातो. शेवटच्या तपासणीत जंतू नाहीत असं प्रयोगशाळेने सांगितलं, तरच ‘बरा झाला’. गोळ्या गिळल्या ही केलेली गोष्ट, जंतू गेले ही झालेली. आरोग्यखात्याच्या कागदांना आपण एरवी नावं ठेवतो, पण ज्याने या दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या त्याला नर्सिंग शिकवायला बसवायला हरकत नाही.

नर्सिंगमध्ये हा विचार पद्धतशीर आला तो अमेरिकेत, १९५० आणि ६० च्या दशकांत. लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये नर्सिंग ही एक प्रक्रिया आहे असं मांडलं. १९६७ मध्ये युरा आणि वॉल्श या दोघींनी तिच्या चार पायऱ्या पुस्तकात घातल्या: तपासणी, आखणी, अंमलबजावणी, मूल्यमापन. नंतर नर्सिंग निदान ही पाचवी पायरी आली. यांत मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या आयडा ऑर्लँडो. १९६१ च्या पुस्तकात त्यांनी सिस्टरच्या कामाचे दोन प्रकार पाडले. एक यांत्रिक: ऑर्डर आहे म्हणून, वेळ झाली म्हणून, वॉर्डाचा रिवाज आहे म्हणून केलेलं. दुसरं विचारपूर्वक: पेशंटला आत्ता काय हवंय ते त्याच्याकडूनच जाणून घेऊन केलेलं, आणि केल्यावर ती गरज भागली का हेही त्यालाच विचारलेलं. रात्री नऊला झोपेची गोळी दिली हे पहिल्या प्रकारात बसतं. पेशंट पलंगावर टक्क जागा का आहे, हे विचारल्यावर कळतं की गावाकडे म्हैस व्यायला झालीय आणि घरी कुणी नाही. मग गोळीआधी भावाला फोन लावून देणं, हा दुसरा प्रकार. अर्ध्या तासाने परत जाऊन तो झोपला का ते बघितलं, की ऑर्लँडोबाईंच्या हिशेबाने काम पुरं झालं.

मूल्यमापन बिघडतं ते बहुधा शेवटी नाही, तिसऱ्या रकान्यात, उद्दिष्ट लिहितानाच. समजा, कोरेगाव तालुक्यातल्या एक सत्तरीच्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, साताऱ्यात ऑपरेशन झालं. विद्यार्थिनी उद्दिष्ट लिहिते: ‘वेदना कमी करणे, हालचाल वाढवणे.’ यात आजी कुठेच नाहीत. करणारी सिस्टर आहे आणि किती, कधीपर्यंत, हे काहीच नाही. असं उद्दिष्ट नेहमीच थोडंफार साध्य होतं, त्यामुळे ‘काही प्रमाणात’ हे शब्द त्याला चिकटूनच येतात. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आजी वॉकर धरून पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत जातील, आणि चालताना दुखणं दहापैकी चारच्या वर सांगणार नाहीत.’ आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीही जाऊन बघू शकतं. दारापर्यंत गेल्या किंवा नाही गेल्या, तिसरं काही नाही.

दहापैकी चार, यावर मात्र थोडं थांबायला हवं. शून्य ते दहा ही वेदनेची मोजपट्टी जगभर चालते. आपल्या आजींना विचारलं तर त्या म्हणतात, “सोसतंय की.” किंवा, “दुखणारच ना पोरी, हाड मोडलंय.” आकडा काही निघत नाही. जुन्या सिस्टर्सना यावरचा तोडगा माहीत आहे. त्या विचारतात, “आजी, रुपयात किती आणे फरक पडला?” आणि आजी क्षणात सांगतात, “आठ आणे.” आणे चलनातून १९५७ मध्येच गेले, पण दुखणं मोजायला आपल्याकडे ते अजून चालतात. बारा आणे म्हणजे बऱ्यापैकी आराम, चार आणे म्हणजे डॉक्टरांना फोन करायला हवा. पेशंटला समजणारी आणि रोज तशीच वापरली जाणारी मोजपट्टी ही पुस्तकातल्या मोजपट्टीपेक्षा कामाची. अट एकच, की सकाळच्या सिस्टरने आण्यात आणि रात्रीच्या सिस्टरने आकड्यात लिहू नये, नाहीतर दोन नोंदींची तुलनाच होत नाही. शिवाय फरक कशाच्या मानाने, हेही लिहायला हवं. काल रात्रीच्या मानाने आठ आणे की ऑपरेशनच्या आधीच्या मानाने, यात बरंच अंतर आहे. आणि दुखणं विचारायचं ते हलवताना. पडून राहिलेल्या माणसाला विचारलं तर तो बरं आहे म्हणणारच. खोकायला, उठायला, चालायला लावलं की खरं कळतं.

तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी दारापर्यंत गेल्या नाहीत. पलंगावरून पाय खाली सोडले, उभ्या राहिल्या आणि घेरी आली म्हणून परत बसल्या. इथे शेवटचा रकाना खरं काम करतो. ‘साध्य नाही’ असं लिहायचं आणि मग कारणाचा माग काढायचा. उद्दिष्टच अवाजवी होतं का? ठरवलेलं काम झालंच नाही का? की अडचण भलतीच होती आणि आपण उपाय दुसरीवर करत होतो? दुखणं तर बारा आण्यांनी कमी होतं. मग इनटेक-आउटपुटचा चार्ट उलगडल्यावर दिसतं की चोवीस तासांत आजींच्या पोटात जेमतेम दोन-तीन पेले पाणी गेलंय, लघवीही तितकीच कमी. का? कारण बेडपॅन मागायची लाज. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटची माणसं बसलेली, पडदा अर्धवट, मावशीला किती वेळा हाक मारायची. म्हणून पाणीच प्यायचं नाही. मुलगी आईला पाणी देते, आई ओठ ओले करून पेला परत देते. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो तो यामुळे. ‘हालचाल वाढवणे’ या उद्दिष्टाखाली रोज फिजिओथेरपिस्टला बोलावून हे सुटलं नसतं. नवा प्लॅन साधा असतो: पडदा पूर्ण लावायचा, ठरावीक वेळी न मागता बेडपॅन द्यायचं, पाणी तासातासाला थोडं थोडं आणि किती प्यायलं ते मुलीने कागदावर लिहायचं, उभं करण्याआधी बसवून बीपी बघायचं. दारापर्यंतचं चालणं एक दिवस पुढे ढकलायचं.

आपल्या वॉर्डांत ‘साध्य नाही’ ही नोंद जवळजवळ दिसत नाही. भीतीचं कारण उघड आहे. पुढे काही झालं तर तोच कागद दाखवून जबाबदार धरतील. त्यात भर म्हणजे गुणवत्तेच्या मानांकनासाठी येणारी तपासणी. फाइल ‘पूर्ण’ हवी असते, आणि पूर्ण फाइल म्हणजे सगळीकडे बरोबरची खूण असा समज रुजलाय. मला उलट वाटतं. ज्या फाइलीत एकही ‘साध्य नाही’ नाही, तिच्यावर तपासणाऱ्याने आधी संशय घ्यावा. आजारी माणूस आपल्या ठरवल्याप्रमाणे रोज सुधारत नसतो.

आता जिथे मूल्यमापन टाळताच येत नाही असं उदाहरण घेऊ, आणि ते या भागात जरा सविस्तरच घ्यायला हवं: सर्पदंश. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे नागाचं नाव गाजलं, पण उसात आणि भातात राबणाऱ्याच्या पायाखाली घोणसही येते, माळावर फुरसं असतं आणि रात्री अंथरुणात शिरते ती मण्यार. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं. ती संपलीय का हे बघायची चाचणी इतकी साधी आहे की तिला वीजही लागत नाही. काचेची नवी, स्वच्छ, कोरडी परीक्षानळी घ्यायची, त्यात दोन मिलिलीटर ताजं रक्त घालायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त घट्ट होऊन जागेवर राहिलं तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय.

यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. नळी काचेचीच हवी, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागाने सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत धड माणसाचं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही. नळी साबणाने धुतलेली असेल तरी निकाल फसवतो. नळी मधेच हलवून ‘झालं का’ बघितलं तरी फसवतो. घड्याळ लावून वीस मिनिटं गप्प बसणं हे गर्दीच्या कॅज्युअल्टीत वाटतं तितकं सोपं नाही. म्हणून नळीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिणारी सिस्टर मला मोठी वाटते.

प्रतिविषाचं औषध दिल्यावर ते लागू पडलं का हेही याच नळीने बघतात, पण सहा तासांनी. सहाच का? प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, पण गोठण्याचे संपलेले घटक परत करत नाही. ते यकृताला नव्याने तयार करावे लागतात, आणि त्याला इतका वेळ लागतो. तासाभरात बघितलं तर रक्त वाहणारच, आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघणार. फार उशिरा बघितलं तर पुढच्या डोसाची वेळ हुकणार. प्रत्येक निकालाला त्याची स्वतःची वेळ असते. तोंडावाटे दिलेली वेदनाशामक गोळी साधारण तासाभराने विचारावी, शिरेतलं इंजेक्शन त्याच्याही आधी. लोहाच्या गोळ्यांना महिना द्यावा लागतो. केअर प्लॅनमध्ये ‘दररोज मूल्यमापन’ असं सरसकट लिहिलेलं दिसलं, की लिहिणाऱ्याने शरीराचा विचार केलेला नाही असं समजावं.

नळीसोबत पायाकडेही बघायचं असतं. सूज कुठवर आली तिथे पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहायची, पिंडरीचा घेर टेपने मोजायचा, दर वेळी त्याच जागी. ‘सूज वाढली आहे’ या वाक्यापेक्षा दुपारी दोनची रेघ आणि चारची रेघ जास्त बोलतात. नाग-मण्यारीचं विष वेगळं, ते नसा आणि स्नायूंवर जातं, त्यामुळे तिथे ही नळी गोठलेलं रक्त दाखवेल आणि पेशंटचा श्वास मात्र थांबत जाईल. तिथे मोजायचं दुसरंच: पापण्या किती जड झाल्या, उशीवरून मान उचलून धरता येते का, आणि एका दमात मोठ्याने आकडे कितीपर्यंत मोजता येतात. एक, दोन, तीन म्हणत पेशंट पहिल्यांदा पंचविसापर्यंत गेला आणि पाऊण तासाने अठरावर अडला, तर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा अजून छान असला तरी डॉक्टरांना उठवायची वेळ झालीय. यंत्र नंतर सांगतं ते मोजणी आधी सांगते.

तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीच्या औषधाची विषबाधा होऊन आलेल्या पेशंटचं असंच. अ‍ॅट्रोपिन देताना लक्ष्य आधीच ठरलेलं असतं: छाती खरखर न करता स्वच्छ वाजली पाहिजे, काख कोरडी हवी, नाडी ऐंशीच्या वर, रक्तदाब सावरलेला. इथे दर काही मिनिटांनी बघावं लागतं, आणि दोन्ही बाजूंनी. पेशंट तापला, बरळायला लागला, पोटाचे आवाज बंद झाले, तर औषध जास्त झालंय. उद्दिष्टाला वरची मर्यादाही असते, हे या वॉर्डाइतकं दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ हा मात्र शांतपणे फसवणारा प्रकार. दोन-दोन तासांच्या चौकटीत सह्या अगदी वेळच्या वेळी असतात आणि माकडहाडावर जखम तरीही होते. सह्या खोट्याच असतात असं नाही. कूस बदलली, पण उशी नीट दिली नाही, पेशंट घसरून परत पाठीवर आला. १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी जखमेचा धोका मोजण्यासाठी सहा बाबींची मोजपट्टी दिली. ६ ते २३ गुण, जितके कमी तितका धोका जास्त. ती धोका सांगते. निकाल बघायला त्वचेवर बोट ठेवावं लागतं. लाल भागावर बोट दाबून सोडलं की क्षणभर पांढरा पडला पाहिजे. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. पुस्तकातली ही खूण गोऱ्या कातडीवर ठळक दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. तिथे हाताने बघावं लागतं: तो भाग शेजारच्यापेक्षा गरम आहे का, कडक किंवा लिबलिबीत लागतो का, पेशंट दचकतो का. ‘त्वचा शाबूत’ ही नोंद चादर न सारता करता येत नाही.

निकालाचे आकडे नर्सिंगमध्ये कुणी आणले तर खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी. हातात दिवा घेतलेलं त्यांचं चित्र प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर आहे. त्या हातात खरं तर कोष्टक द्यायला हवं होतं. क्रिमियन युद्धात त्या १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्यांच्या परिचारिका रात्रंदिवस राबल्या. तरी फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथला मृत्युदर शेकडा ४२ वर गेला. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आयोगाने तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत तो शेकडा २ च्या आसपास उतरला. या सगळ्याचा अर्थ नाइटिंगेलबाईंनी युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने आकडे मांडून लावला. मेहनत आधीही होती. मेहनत कुठे कमी पडत होती ते आकड्यांनी दाखवलं. १८६० मध्ये त्यांनी सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात असा प्रस्ताव मांडला: किती आले, किती बरे होऊन गेले, किती तसेच गेले, किती दगावले. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याही पुढे जाऊन प्रत्येक पेशंटचं कार्ड केलं आणि वर्षभराने त्याला परत बोलावून ऑपरेशनचा शेवट काय झाला ते लिहिलं, स्वतःच्या चुकांसकट. सहकाऱ्यांना हे मानवलं नाही, हे सांगायला नकोच.

कशाला निकाल म्हणायचं, हे बदलूही शकतं, आणि ते बदलताना आपण बघितलंय. मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात कोरोनाचे पेशंट सापडले आणि आकडा २६ वर गेला. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तेव्हाचा नियम असा की चोवीस तासांच्या अंतराने दोन चाचण्या निगेटिव्ह आल्याशिवाय घरी सोडायचं नाही. माणूस धडधाकट, ताप नाही, खोकला नाही, पण अहवालाची वाट बघत वॉर्डातच. ८ मे २०२० रोजी केंद्राने नियम बदलला. सौम्य लक्षणांच्या पेशंटला दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की चाचणीशिवाय सोडायचं. नाकातला विषाणूचा अंश मागे पडला आणि माणसाची तब्येत पुढे आली. दुसऱ्या लाटेत, सातारा जिल्हा अक्षरशः पोळून निघाला तेव्हा, घरातल्यांनी स्वतः करायची एक चाचणी पसरली: बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालायचं. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा सुरुवातीच्या मानाने तीनपेक्षा जास्त उतरला, तर दवाखाना गाठायचा. इथेही मेख तीच, बसलेल्या माणसाचा आकडा बघू नका. मोजपट्टी सोपी आणि वेळ ठरलेली असली की घरातली माणसंही चांगलं मूल्यमापन करतात, हे त्या दिवसांत दिसलं.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांच्या हाती गोळ्यांची यादी पडते. त्यांनी एवढं विचारून घ्यावं: आठवड्यात काय सुधारलेलं दिसायला हवं, ते कसं बघायचं, आणि नाही दिसलं तर कुणाला फोन करायचा. हृदय कमजोर असलेल्या पेशंटच्या मुलाला ‘पाणी कमी द्या’ एवढंच सांगून भागत नाही. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते चरबीचं नसून पाण्याचं आहे, लगेच या, असं सांगितलं की त्याच्या हाती धरायला काहीतरी येतं.

सगळ्यात अवघड मूल्यमापन आहे ते एका जागी न राहणाऱ्यांचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या कराड, वाळवा, पलूस, कोरेगावच्या फडांवर उतरतात. त्यांत गरोदर बायका असतात. तपासणीत हिमोग्लोबिन ८ निघतं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली गंभीर. उपकेंद्रातली एएनएम लोहाच्या गोळ्या देते आणि रजिस्टरवर तशी नोंद करते. गोळ्या वाटल्या हा झाला चौथा रकाना. शेवटचा रकाना महिन्याने भरायचा: हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वाढलं का? नाही वाढलं तर वरच्या दवाखान्यात पाठवायचं, असा कार्यक्रमाचा नियम आहे. महिन्याने सिस्टर कोपीवर जाते तेव्हा बाई पहाटेच फडात गेलेली असते. भेटली तर कळतं की गोळी उपाशीपोटी मळमळते, म्हणून ती चहासोबत घेते, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. किंवा गोळ्यांची पाकिटं पेटीत तशीच पडलेली असतात. उपाय असतो, रात्री भाकरीनंतर लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत गोळी घ्यायची. तो सांगितला जातो. मग तो लागू पडला का ते बघायला आणखी एक महिना हवा, आणि तोवर फड संपून टोळी वीस-पंचवीस किलोमीटरवर दुसऱ्या गटात, दुसऱ्या उपकेंद्राच्या हद्दीत गेलेली असते. तिथली सिस्टर तिला पहिल्यांदाच बघत असते. तिच्यासाठी हे पहिलं हिमोग्लोबिन, त्याची तुलना कशाशी करायची?

यावर आजघडीला साधन एकच आहे, आईच्या ताब्यातलं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर हिमोग्लोबिनचा आकडा, तारीख आणि ‘चहासोबत घेत होती, भाकरीनंतर घ्यायला सांगितलं, अमुक तारखेला परत तपासा’ एवढी एक ओळ लिहिलेली असेल, तर पुढची सिस्टर तिथून सुरू करू शकते. कार्डावर त्या ओळीसाठी वेगळी जागा छापलेली नाही. ज्या सिस्टर्स लिहितात, त्या समासात लिहितात.